विमान कंपनीचा नफा : मोजलेला की मानलेला?

एक कोडे घालून सुरुवात करू. एका कारखान्याने एका वर्षात ८०६ प्रवासी विमाने ग्राहकांच्या ताब्यात दिली आणि साडेदहा अब्ज डॉलर निव्वळ नफा दाखवला. पुढच्या वर्षी त्याने फक्त ३८० विमाने दिली, म्हणजे निम्म्याहूनही कमी. त्याच्या सर्वाधिक खपाच्या नव्या विमानाला पाच महिन्यांत दोन भीषण अपघात झाले होते. त्यांत ३४६ माणसे मृत्युमुखी पडली होती. जगभर ते विमान जमिनीवर उतरवले गेले. ग्राहक भरपाई मागू लागले. अशा वर्षी या कारखान्याचा तोटा किती झाला असेल? कंपनीच्या वार्षिक अहवालात उत्तर आहे : ०.६ अब्ज डॉलर. म्हणजे आदल्या वर्षीच्या नफ्याचा जेमतेम सोळावा हिस्सा.

ही कंपनी अमेरिकेची बोईंग आणि ही वर्षे २०१८ व २०१९. हिशेबात लबाडी नव्हती. लेखापालांनी नियमाप्रमाणेच बेरीज-वजाबाकी केली होती. मग एवढ्या मोठ्या संकटाचे ओझे गेले कुठे? या प्रश्नाचे उत्तर शोधताना आपल्याला थोडे लेखाशास्त्र, थोडे गणित आणि थोडे अध्ययनाचे मानसशास्त्रही लागणार आहे. शिक्षकांना तिन्ही विषय परके नाहीत.

सात वर्षांचे आकडे

प्रथम बोईंगच्या अहवालांतील चार रकाने एकत्र मांडू. रकमा अब्ज डॉलरमध्ये आहेत. एक अब्ज म्हणजे शंभर कोटी.

| वर्ष | दिलेली प्रवासी विमाने | उलाढाल | निव्वळ नफा (तोटा उणे) | व्यवसायातून आलेली रोख (गेलेली उणे) |
|---|---|---|---|---|
| २०१८ | ८०६ | १०१.१ | १०.५ | १५.३ |
| २०१९ | ३८० | ७६.६ | −०.६ | −२.४ |
| २०२० | १५७ | ५८.२ | −११.९ | −१८.४ |
| २०२१ | ३४० | ६२.३ | −४.३ | −३.४ |
| २०२२ | ४८० | ६६.६ | −५.१ | ३.५ |
| २०२३ | ५२८ | ७७.८ | −२.२ | ६.० |
| २०२४ | ३४८ | ६६.५ | −११.८ | −१२.१ |

तक्ता समोर ठेवून विद्यार्थ्यांना विचारावे : या चार रकान्यांपैकी कोणते आकडे मोजलेले आहेत आणि कोणते मानलेले? विमानांची संख्या मोजलेली आहे. विमान ग्राहकाच्या ताब्यात गेले की एक, नाही गेले की शून्य. रोखही मोजलेली आहे. बँकेत पैसे आले किंवा गेले. उलाढालीचा बहुतेक भाग दिलेल्या विमानांची किंमत व पुरवलेली सेवा यांतून येतो. निव्वळ नफा मात्र वेगळ्या जातीचा आकडा आहे. त्यात भविष्याविषयीचे अनुमान मिसळलेले असते. ते कसे, हे समजण्यासाठी क्षणभर स्वयंपाकघरात जाऊ.

हात बसणे

दिवाळीच्या चकल्या करायला बसले की पहिला घाणा नेहमीच फसतो. पीठ सैल होते, चकली तुटते, तेल जास्त तापते. दुसरा घाणा बरा येतो. दहाव्या घाण्यापर्यंत हात बसलेला असतो आणि तेवढ्याच वेळात दुप्पट चकल्या होतात. हात बसणे हा आपला नेहमीचा शब्दप्रयोग. बी.एड.च्या मानसशास्त्रात यालाच अध्ययनवक्र म्हणतात.

हाच वक्र विमानाच्या कारखान्यात थिओडोर पी. राइट या अमेरिकी अभियंत्याला दिसला. (जीवशास्त्राच्या शिक्षकांना परिचित असलेले आनुवंशशास्त्रज्ञ स्यूअल राइट यांचे हे धाकटे बंधू.) १९३६ साली प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात त्यांनी दाखवून दिले, की बांधलेल्या विमानांची संख्या दुप्पट झाली की दर विमानामागचे श्रम एका ठरावीक प्रमाणात घटतात. हे प्रमाण सुमारे ८० टक्के होते. सोप्या रूपात सांगायचे तर पहिल्या विमानाला १०० श्रम-एकके लागली, तर दुसऱ्याला ८०, चौथ्याला ६४, आठव्याला ५१.२ आणि सोळाव्याला ४१. घट सुरुवातीला झपाट्याने होते, पुढे मंदावते, पण थांबत नाही.

अकरावी-बारावीचे विद्यार्थी हे सूत्ररूपात मांडू शकतील. विमानाचा क्रमांक 'न' असेल, तर त्याचा खर्च 'न'च्या उणे ०.३२ या घाताच्या प्रमाणात बदलतो. हा घातांक म्हणजे ०.८ च्या लॉगरिदमला २ च्या लॉगरिदमने भागून येणारी संख्या. दोन्ही अक्षांवर लॉगरिदम घेऊन आलेख काढला, तर वक्राची सरळ रेषा होते.

आठ विमानांचा कारखाना

आता एक छोटा काल्पनिक कारखाना काढू. तो एकूण आठ विमाने बांधणार, वर्षाला दोन. प्रत्येकाची विक्रीची किंमत ७५ कोटी रुपये ठरली आहे. पहिल्या विमानाचा खर्च १०० कोटी, आणि पुढचे खर्च ८० टक्क्यांच्या वक्राने घटत जाणारे : ८०, ७०.२, ६४, ५९.६, ५६.२, ५३.५ आणि ५१.२ कोटी. बेरीज ५३४.७ कोटी. विक्रीतून मिळणार ६०० कोटी. म्हणजे चार वर्षांचा एकूण नफा ६५.३ कोटी.

प्रश्न असा, की यातला पहिल्या वर्षाचा नफा किती? सरळ हिशेब केला तर पहिल्या वर्षी खर्च १८० कोटी, आवक १५० कोटी, म्हणजे ३० कोटी तोटा. दुसऱ्या वर्षी १५.८ कोटी नफा, तिसऱ्या वर्षी ३४.२ आणि चौथ्या वर्षी ४५.३ कोटी. या हिशेबात पहिल्या वर्षी कारखाना बुडीत दिसतो, शेवटच्या वर्षी सोन्याची खाण दिसतो. वास्तविक माणसे तीच, विमानही तेच.

म्हणून अमेरिकेतील लेखानियम दुसरी एक पद्धत वापरू देतात. तिला आपण प्रकल्प-हिशेब म्हणू. कंपनी आधी एक संख्या ठरवते : या जातीची इतकी विमाने आपण नक्की बांधू व विकू. त्या सगळ्यांचा मिळून खर्च किती होईल याचा अंदाज करते आणि सरासरी काढते. मग दिलेल्या प्रत्येक विमानावर प्रत्यक्ष खर्चाऐवजी हा सरासरी खर्च टाकते. आपल्या कारखान्याचा सरासरी खर्च ६६.८ कोटी. त्यामुळे दरवर्षी सारखाच, १६.३ कोटी नफा दिसेल.

पहिल्या वर्षाकडे पुन्हा पाहा. तिजोरीतून ३० कोटी गेले आहेत, पण पुस्तकात १६.३ कोटी नफा आहे. मधले ४६.३ कोटी कुठे आहेत? ते ताळेबंदात मालसाठ्याबरोबर 'पुढे ढकललेला उत्पादन-खर्च' म्हणून मालमत्तेच्या बाजूला बसले आहेत. या मालमत्तेला हात लावता येत नाही. ती पत्र्याची नाही आणि नटबोल्टांचीही नाही. 'आमचे कामगार पुढे शिकतील आणि पुढची विमाने स्वस्तात बांधतील' हा विश्वास म्हणजेच ती मालमत्ता.

विश्वास खरा ठरला तर चौथ्या वर्षाच्या अखेरीस ही रक्कम बरोबर शून्यावर येते. न ठरला तर? समजा दोन वर्षांनी मागणीच आटली आणि चार विमानांवर काम थांबले. तोवर पुस्तकात ३२.६ कोटी नफा दाखवून झालेला आहे. पण खर्च झाला ३१४.२ कोटी आणि मिळाले ३०० कोटी. म्हणजे प्रत्यक्षात १४.२ कोटी तोटा. मालमत्ता म्हणून मिरवलेले ४६.८ कोटी एका दिवसात पुसून टाकावे लागतात.

समजा आठही विमाने विकली गेली, पण वक्र ८० ऐवजी ९० टक्क्यांचा निघाला. कामगार शिकले, पण थोडे सावकाश. मग एकूण खर्च ६५७ कोटींच्या पुढे जातो आणि ६५ कोटींच्या नफ्याऐवजी ५७ कोटींचा तोटा होतो. वक्राच्या उतारात थोडा फरक पडला आणि नफ्याचे चिन्हच बदलले. विज्ञानाच्या विद्यार्थ्याला हे ओळखीचे वाटेल. घातांकातली लहान त्रुटी उत्तरात मोठी होते. प्रयोगवहीत आपण उत्तरापुढे 'अधिक-उणे' लिहून त्रुटीची मर्यादा देतो. नफ्या-तोट्याच्या पत्रकात मात्र एकच आकडा असतो.

प्रत्यक्षातले आकडे

हे केवळ कागदावरचे खेळ नाहीत. लॉकहीड कंपनीने १९७०च्या दशकात ट्रायस्टार हे उत्तम तांत्रिक दर्जाचे विमान काढले. भांडवल वसूल व्हायला जेवढी विमाने खपायला हवी होती, तेवढी खपली नाहीत. एकूण २५० बांधून झाली आणि लॉकहीड प्रवासी विमानांच्या धंद्यातून कायमची बाहेर पडली. याच विमानाचे इंजिन ठरलेल्या किमतीत बनवून देण्याचा करार ब्रिटनच्या रोल्स-रॉइसने केला होता. विकासाचा खर्च अंदाजाबाहेर गेला आणि फेब्रुवारी १९७१ मध्ये या नामवंत कंपनीने दिवाळे जाहीर केले. ब्रिटिश सरकारला ती ताब्यात घ्यावी लागली.

बोईंगच्या ७८७ या विमानाचे पहिले हस्तांतरण २०११ साली झाले. त्याचा पुढे ढकललेला उत्पादन-खर्च वाढत वाढत २०१६ पर्यंत २८ अब्ज डॉलरच्या वर गेला. या काळात कंपनीची पुस्तके नफा दाखवत होती. ती रक्कम भरून निघावी यासाठी शेकडो विमाने अंदाजलेल्या खर्चात बांधून विकली जाणे आवश्यक होते. युरोपातील एअरबसच्या लेखानियमांत अशी सरासरी चालत नाही. तेथे प्रत्येक विमानाचा खर्च ते विमान देताना दाखवावा लागतो. म्हणून या दोन कंपन्यांच्या एकाच वर्षाच्या नफ्याची थेट तुलना करणे म्हणजे एक तापमान सेल्सिअसमध्ये आणि दुसरे फॅरनहाइटमध्ये घेऊन वजाबाकी करण्यासारखे आहे.

कोड्याचे उत्तर

आता २०१९ कडे परत येऊ. ७३७ मॅक्स जमिनीवर उतरवल्यामुळे होणाऱ्या खर्चाचे तीन मोठे अंदाज बोईंगने २०१९च्या वार्षिक निकालांत मांडले. विमानकंपन्यांना द्यावयाची भरपाई सुमारे ८.३ अब्ज डॉलर. कारखान्याची गती कमी झाल्यामुळे ७३७ च्या संपूर्ण प्रकल्पाचा वाढलेला खर्च ६.३ अब्ज. आणि उत्पादन बंद ठेवल्यामुळे होणारा जादा खर्च सुमारे ४ अब्ज. एकूण साडेअठरा अब्जांहून अधिक.

यातली भरपाई मुख्यतः २०१९च्या उलाढालीतून वजा झाली. ६.३ अब्ज मात्र प्रकल्पातील पुढच्या विमानांवर पसरले गेले. आणि ४ अब्ज २०२० मध्ये दिसायचे होते. शिवाय २०१९ मध्ये कारखाना थांबलेला नव्हता. महिन्याला ५२ ऐवजी ४२ या गतीने ७३७ विमाने बांधली जात होती. वर्षाअखेर अशी सुमारे ४०० विमाने तळांवर आणि वाहनतळांवरही उभी होती. ती बांधायला लागलेला पैसा तोटा म्हणून नव्हे, तर मालसाठा म्हणून नोंदला जात होता. संकट २०१९चे, पण त्याचे मोठे ओझे पुढच्या वर्षांच्या पुस्तकांत गेले.

२०२० मध्ये करोनाच्या साथीची भर पडली. त्या वर्षाच्या अखेरीस बोईंगने ७७७ एक्स या नव्या विमानाचे वेळापत्रक व खर्च यांचा अंदाज बदलला आणि एका फटक्यात ६.५ अब्ज डॉलरचा तोटा नोंदवला. त्या दिवशी कारखान्यात काहीच घडले नव्हते. कोणतेही यंत्र मोडले नव्हते. बदलले होते ते अनुमान.

तक्त्यातील शेवटचा रकाना आता पुन्हा पाहावा. २०१८ आणि २०१९ मध्ये नफ्यात अकरा अब्जांचा फरक पडला, रोखीत मात्र जवळजवळ अठरा अब्जांचा. विमानाच्या किमतीचा मोठा वाटा ग्राहक ताबा घेताना देतो. विमान तळावर उभे राहिले की तो वाटा अडकतो. रोखीच्या रकान्याला भविष्याविषयी काहीच मानावे लागत नाही, म्हणून तो आधी बोलला. रोखीचेही दोष आहेत. आगाऊ रक्कम आली की ती फुगते, कारखाना वाढवला की आटते. म्हणून दोन्ही रकाने शेजारी ठेवून वाचावेत. ७३७ मॅक्सच्या दोन्ही अपघातांत विमानाचे नाक आपोआप खाली दाबणारी प्रणाली एकाच संवेदकाच्या चुकीच्या आकड्यावर विसंबली होती. एकाच आकड्यावर भिस्त ठेवू नये हा धडा अहवाल वाचणाऱ्यालाही लागू आहे.

हातातल्या मागण्यांचा आकडाही असाच जपून वाचावा. २०२४च्या अखेरीस बोईंगकडे ५,५०० हून अधिक प्रवासी विमानांच्या मागण्या होत्या. सर्व मागण्यांची एकूण किंमत ५२१ अब्ज डॉलर होती. त्या वर्षाच्या उलाढालीने भागले तर जवळजवळ आठ वर्षांचे काम होते. पण त्याच वर्षी ११.८ अब्जांचा तोटाही झाला. मागणी असणे वेगळे आणि ती पुरी करता येणे वेगळे.

वक्र राहतो कुठे?

ही क्षमता कुठे असते? राइट यांचा वक्र कागदावर सुरेख दिसतो. पण तो यंत्रात नसतो, माणसांच्या हातांत आणि परस्परांच्या सवयीत असतो. त्यामुळे तो विसरलाही जातो. लॅनियर बेन्कार्ड या अर्थशास्त्रज्ञाने २००० साली ट्रायस्टारच्या विमानागणिक श्रमांचा अभ्यास प्रसिद्ध केला. उत्पादन घटले, अनुभवी माणसे गेली, तेव्हा दर विमानामागचे श्रम कमी होण्याऐवजी वाढले होते. संस्थेला विस्मरण झाले होते. सुट्टीनंतर वर्गात पाढे विचारणाऱ्या शिक्षकाला याचे आश्चर्य वाटणार नाही.

५ जानेवारी २०२४ रोजी पोर्टलंडहून निघालेल्या अलास्का एअरलाइन्सच्या ७३७ मॅक्स ९ विमानातून सुमारे १५ हजार फूट उंचीवर बाजूचा एक भाग निखळून पडला. न वापरायच्या दाराची जागा बंद करणारे ते झाकण होते. सुदैवाने लगतच्या दोन खुर्च्यांवर कोणी नव्हते आणि कोणी दगावले नाही. तपासात आढळले, की कारखान्यात रिव्हेट दुरुस्त करण्यासाठी ते झाकण उघडले होते आणि परत बसवताना चार बोल्ट लावलेच नव्हते. उघडल्याची नोंदही नव्हती. अमेरिकेच्या राष्ट्रीय परिवहन सुरक्षा मंडळाने २०२५ साली कारण सांगितले ते असे : झाकण काढण्या-बसवण्याची रीत कामगारांना दरवेळी बरोबर पाळता यावी, यासाठी लागणारे पुरेसे प्रशिक्षण, मार्गदर्शन व देखरेख देण्यात कंपनी अपयशी ठरली.

म्हणजे प्रश्न शिक्षणाचाच होता. अपघातानंतर नियामकांनी ७३७च्या उत्पादनाला महिन्याला ३८ची मर्यादा घातली. सप्टेंबर ते नोव्हेंबर २०२४ मध्ये सुमारे ३३ हजार कामगारांचा संप झाला. वर्षाअखेर विमाने भरली ३४८.

याच संदर्भात एक हिशेब नोंदवण्याजोगा आहे. २०१३ ते २०१९च्या आरंभापर्यंत बोईंगने स्वतःचेच भाग बाजारातून परत विकत घेण्यावर ४० अब्ज डॉलरहून अधिक खर्च केला. तक्त्यातील २०१९ ते २०२४ या सहा वर्षांच्या तोट्याची बेरीज सुमारे ३६ अब्ज येते. पहिल्या रकमेमुळे दुसरी उद्भवली असे केवळ या दोन आकड्यांवरून सिद्ध होत नाही. पण नफा हा बराचसा अनुमान असेल, तर त्यातून बाहेर दिलेला पैसा मात्र खराखुरा असतो आणि संकटकाळी तो हाताशी नसतो, एवढे निश्चित म्हणता येते.

वर्गात काय करावे?

आठ विमानांचे उदाहरण फळ्यावर सोडवावे. मुलांना ८५ टक्क्यांचा वक्र घेऊन नफा काढायला सांगावे. त्याआधी एक प्रयोग करावा : प्रत्येकाने एकाच आकाराची कागदी होडी सोळा वेळा करायची आणि जोडीदाराने दरवेळचा वेळ नोंदायचा. पहिल्या, दुसऱ्या, चौथ्या, आठव्या आणि सोळाव्या होडीचे वेळ आलेखावर मांडले की प्रत्येकाचा स्वतःचा वक्र मिळेल. तो ८० टक्क्यांचाच येईल असे नाही. सर्वांचा सारखा येणार नाही, हेही मुलांना दिसू द्यावे. आठवड्याने तीच होडी पुन्हा करायला लावली तर विस्मरणही मोजता येईल.

आपल्याकडे नाशिकजवळच्या ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना आहे. मिग आणि सुखोई विमाने बांधण्याचा दीर्घ अनुभव त्याच्या गाठी आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये तेथे बांधलेल्या पहिल्या तेजस मार्क १ए विमानाने उड्डाण केले. २०२४-२५ या वर्षी कंपनीची उलाढाल सुमारे ३१ हजार कोटी रुपये होती आणि मार्च २०२५ अखेर हातातल्या मागण्या पावणेदोन लाख कोटींहून अधिक. ग्राहक मुख्यतः सरकार असल्याने हिचे अहवाल बोईंगच्या चष्म्यातून वाचता येणार नाहीत. पण बातमीत असे आकडे आले, की मुलांनी तीन प्रश्न विचारावेत. वर्षात किती विमाने प्रत्यक्ष दिली? रोख आली की गेली? आणि पुढचे विमान बांधणारे हात शिकत आहेत की विसरत आहेत? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर अहवालात क्वचितच सापडते. ते कारखान्यात जाऊनच पाहावे लागते.